चाकांवरचं घर आणि धरणाकाठचं रान

'कॅरव्हॅन भाड्याने घेऊन लोणावळा' या विषयावरचे व्हिडिओ आणि लेख आता इतके साचलेत, की त्यांच्याकडे एक स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून बघायला हरकत नसावी. मराठी प्रवासवर्णनाचं हे सगळ्यात धाकटं पोर. त्याला अजून कुणी समीक्षक भेटलेला नाही, कारण समीक्षक बहुधा हे बघत नाहीत आणि बघणारे समीक्षा करत नाहीत. मी दोन्ही थोडं थोडं करते. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते, राहते वाकडला, आणि हे व्हिडिओ रात्री जेवताना बघते. गेल्या दोन वर्षांत बरेच बघून झाले. त्या भांडवलावर हा लेख.

या प्रकाराचं व्याकरण पक्कं आहे. सुरुवातीला गाडीची फेरी: हा सोफा, याचाच रात्री पलंग होतो, हा ओटा, हा छोटा फ्रिज, हे टॉयलेट, ही छतावरची सोलर पॅनल्स. मग एक्स्प्रेस-वे, फूड मॉलमधला वडापाव, घाटातलं धुकं. लायन्स पॉइंट किंवा राजमाची पॉइंटवरून दरी. संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर एखाद्या कॅम्पसाइटवर मुक्काम, मागे तुंग नाहीतर तिकोना, शेकोटी, गिटार. सकाळी कॅरव्हॅनचं दार उघडून हातात चहाचा कप. शेवटी खर्चाचा हिशोब आणि 'निसर्गाच्या कुशीत, सगळ्यांपासून दूर' असं काहीतरी. लेख असेल तर याच गोष्टी याच क्रमाने येतात, फक्त गिटारच्या जागी एखादी कवितेची ओळ असते.

मला यातल्या छानछोकीचा राग नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला शनिवारी खिडकीत डोंगर हवासा वाटला तर त्यात गैर काय? माझी तक्रार वाचक म्हणून आहे. या प्रकाराच्या हातात एक फार चांगलं साधन आलंय आणि तो ते वापरत नाही. ते साधन म्हणजे पाण्याच्या टाकीचा काटा.

घरात पाणी नळातून येतं आणि जाळीतून जातं. मधल्या दोन्ही टोकांचा विचार करायची सवय आपल्याला नाही. कॅरव्हॅनमध्ये मात्र दोन्ही टोकं तुमच्या पायाखाली असतात. एका टाकीत आणलेलं पाणी, दुसरीत वापरलेलं. पहिली रिकामी होते तशी दुसरी भरते. भांडी घासताना नळ किती सोडायचा याचा विचार करावा लागतो. बॅटरीचंही तसंच. म्हणजे ज्या गोष्टी शहराने आपल्यापासून दूर, भिंतीआड आणि डोंगराआड नेऊन ठेवल्यात, त्या ही गाडी दोन दिवसांसाठी आपल्या नजरेसमोर आणते. प्रवासवर्णनासाठी याहून चांगली सुरुवात कुठली? पण हे व्हिडिओ टाकीची क्षमता सांगतात आणि पुढे जातात. तो काटा खिडकीबाहेरच्या तळ्याकडे वळवून कुणी बघत नाही.

या प्रकाराचं एक घराणंही आहे. जॉन स्टाइनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' १९६२ साली आलं. १९६० मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने ट्रकवर छोटं घर बांधून घेतलं, त्याला दोन किहोतेच्या घोड्याचं 'रोसिनांटे' हे नाव दिलं आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन तो अमेरिका बघायला निघाला. पुढे पन्नास वर्षांनी बिल स्टायगरवाल्ड नावाच्या पत्रकाराने त्याच मार्गाने जाऊन तपासलं, तेव्हा दिसलं की स्टाइनबेक बऱ्याच रात्री गाडीत झोपलाच नव्हता. हॉटेलं होती, पाहुणचार होता, बराच काळ बायकोही सोबत होती. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे पुस्तक शब्दशः खरं धरू नये अशी सूचना आली.

हा वाद मला दुय्यम वाटतो. लेखक कुठे झोपला यापेक्षा गाडीने त्याला काय बघायला लावलं हे महत्त्वाचं. आणि त्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट फार साधी आहे. स्टाइनबेक झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत कपडे, गरम पाणी आणि साबण घालतो, ती लवचीक दोरीने टांगून ठेवतो आणि रस्त्याचे हादरेच ते कपडे धुतात. तेवढ्या एका बादलीतून कळतं की हा माणूस रस्त्याचा आणि स्वतःच्या मळक्या कपड्यांचा विचार एकत्र करतोय. घर बरोबर घेतलं की घरकामही बरोबर येतं, हे त्याला ठाऊक आहे. आपल्याकडच्या कॅरव्हॅन-लेखनात घर येतं, घरकाम गळतं.

ते गळतं कारण ते दुसरं कुणीतरी करत असतं. आपल्याकडे कॅरव्हॅन बहुतेकदा चालकासकट भाड्याने मिळते. गाडी चालवणं, सपाट जागा शोधणं, चाकाखाली दगड लावणं, टाकी भरणं आणि दुसरी रिकामी करणं ही सगळी कामं 'दादा' करतात. रात्री आतले पलंग पाहुण्यांचे, दादा पुढच्या सीटवर नाहीतर बाहेर तंबूत. मी बघितलेल्या व्हिडिओंमध्ये दादांचा आवाज जवळपास नाहीच, एखाद्या वेळी आरशात डोळे दिसतात तेवढेच. 'मनाला येईल तिथे थांबा' ही या प्रकाराची आवडती घोषणा. कुठे थांबता येतं आणि कुठून हाकलतात, याचं खरं ज्ञान मात्र ज्याला आहे त्याला कुणी प्रश्नच विचारत नाही. चालकाच्या नजरेतून लिहिलेलं लोणावळ्याचं प्रवासवर्णन कुणी लिहिलं तर ते मी पैसे देऊन वाचीन.

आता त्या 'सगळ्यांपासून दूर' असलेल्या रानाकडे येऊ.

लोणावळ्याभोवतीचं पाणी बघितलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. आपण ज्याला निसर्ग म्हणून फोटोत घेतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी कशासाठी तरी बांधलेलं आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली वर आली. भुशी धरण हे त्या रेल्वेचं अपत्य. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६० च्या दशकाच्या अखेरीस, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधायला काढलं. आज पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर बसून जे पाणी अंगावर घेतात, ते मुळात इंजिनांसाठी अडवलेलं.

वळवण, लोणावळा आणि शिरवता ही तळी टाटांच्या जलविद्युत योजनेची. त्यांचं पाणी घाटाच्या कड्यावरून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं जातं. ते वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. यात एक भूगोलाची गंमत आहे. वळवणचं पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. त्याचा स्वाभाविक रस्ता पूर्वेचा: देहू, आळंदी, पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. पण वीजघरातून गेलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं इथल्या पावसाचा एक हिस्सा डोंगराच्या उलट्या बाजूने उतरतोय. वळवणच्या काठावर सूर्यास्ताचे इतके फोटो निघतात, पण या उलट्या वाटेबद्दल एक वाक्यही मला कुठल्या प्रवासलेखात सापडलं नाही.

आणि पवना. सगळ्या कॅरव्हॅन-व्हिडिओंचा तिसरा अंक जिथे घडतो ते हे तळं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. त्याखाली गावं आणि भातखाचरं गेली. धरणातून सोडलेलं पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना मिळतं. आमच्या वाकडच्या सोसायटीच्या टाकीतलं पाणी मुख्यतः तेच.

धरणाच्या आधीची पवना कशी होती हे बघायला मराठी वाचकाला एक जागा आहे. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहिले आणि या मुलखातून आयुष्यभर पायी हिंडले. त्यांची 'पवनाकाठचा धोंडी' ही तुंग किल्ल्याच्या हवालदारकीचा वारसा सांगणाऱ्या माणसाची गोष्ट. तिच्यावर १९६६ साली सिनेमाही आला. कादंबरी आणि सिनेमा, दोन्ही धरणाच्या आधीचे. त्यातली पवना वाहती आहे, तिला काठ आहे आणि त्या काठाला माणसं आहेत, त्यांची मानपानाची, जमिनीची, भाऊबंदकीची ओझी आहेत. शीर्षकातला 'काठ' हा शब्द आज वाचताना अडखळायला होतं. कारण आता तिथे जो काठ आहे तो नदीचा नाही, तळ्याचा आहे. आणि तो पातळीप्रमाणे दर महिन्याला सरकतो. गोनीदांनी काही भाकीत केलं नव्हतं. पण एखाद्या खोऱ्याची नोंद साहित्यात राहते ती अशी, माणसांच्या भांडणांसकट.

'माचीवरला बुधा' मात्र मला थोडी अडचणीत टाकते. मुंबईत मुलाकडे राहणारा म्हातारा बुधा शहर सोडून राजमाचीच्या माचीवर परततो, झोपडं उभारतो, झाडापाखरांशी आणि जनावरांशी नातं जोडतो, आणि त्या रानातच त्याचं आयुष्य संपतं. ही कादंबरी मला आवडते. भाषा अशी आहे की गवताचा वास येतो. पण आजच्या 'सगळ्यांपासून दूर' या विक्रीच्या वाक्याचा एक पूर्वज तीच आहे, हेही म्हणायला हवं. शहर म्हणजे कोंडमारा आणि डोंगर म्हणजे सुटका, ही जोडी ती इतकी गोड करून ठेवते की पुढच्यांना ती आयती मिळते. लोणावळ्याहून राजमाचीकडे निघालं की तुंगार्ली आणि वळवणची तळी वाटेच्या आसपासच असतात. बुधा ज्या मुंबईला विटला, तिच्या गिरण्या चालवणारी वीज त्याच्याच डोंगरांच्या पावसातून तयार होत होती. शहर आणि माची हे दोन वेगळे मुलूख नव्हते. एका नळाची दोन टोकं होती. गोनीदांच्या चौकटीत हे बसत नाही आणि त्यांनी ते बसवायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. पण आज आपण वाचताना ते जोडून घ्यायला काय हरकत आहे?

तरीही बुधा आणि आजचा कॅरव्हॅन-नायक यांच्यात मोठा फरक आहे. बुधासाठी माची ही राबायची जागा आहे. निवारा उभा करायचा तर हात चालवायला लागतात, आणि त्या राबण्यातून त्याला झाडं नि जनावरं ओळखीची होतात. कॅरव्हॅनचा नायक निवारा बरोबर घेऊन येतो आणि दार लावून घेतो. त्याला कुणाच्या ओसरीवर टेकायची, कुणाकडे तांब्याभर पाणी मागायची गरज उरत नाही. जुन्या मराठी भटकंतीच्या लेखनात 'पाटलाकडे उतरलो', 'देवळात पथारी टाकली', 'मावशींनी भाकरी दिली' अशी वाक्यं जागोजागी असतात. ती केवळ रंग भरायला नसतात. माहिती त्याच दारातून आत यायची. पाणी मागितलं की पाणी किती लांबून आणतात हेही कळायचं. नव्या प्रकारात माणसं कमी झाली याचं कारण लेखकांची संवेदना आटली हे नसून मागायची गरज संपली, हे असावं.

एक अनुभव सांगते, मुद्द्यापुरता. या फेब्रुवारीत आम्ही चौघींनी कॅरव्हॅन घेतली. पाण्याची टाकी एकशेवीस लिटरची, मुक्काम दोन रात्रींचा. भागाकार सोपा आहे: माणशी दिवसाला पंधरा लिटर. शहरांसाठी पाणीपुरवठ्याचा जो राष्ट्रीय निकष धरतात तो माणशी दिवसाला १३५ लिटरचा. म्हणजे आमची दोन दिवसांची टाकी ही त्या निकषाने एका माणसाचा एक दिवससुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा तळाला टेकला. चालकदादांनी कॅम्पसाइटच्या मालकांना विचारून पाइप जोडला. मालक साठीचे, धरणाला लागून उरलेल्या तुकड्यावर तंबू लावणारे. टाकी भरत असताना त्यांनी विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?" मी वाकड सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मग घ्या की बिनधास्त. ह्ये तुमचंच पाणी हाय. आमच्याकडं नुसतं ठेवायला दिलंय."

त्यात राग होता की थट्टा, मला ठरवता आलं नाही. त्यांच्या विहिरीला धरणाचाच पाझर होता, आणि त्यांची वडिलोपार्जित खाचरं पाण्याखाली कुठल्या बाजूला आहेत तेही त्यांनी हात करून दाखवलं. आमच्यातल्या एकीने नेमका त्याच बाजूचा फोटो आदल्या संध्याकाळी काढला होता. फार सुंदर आला होता.

पाणी 'कुणाचं' हा प्रश्न मावळात गमतीचा नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायची योजना आली तेव्हा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी नदीतून वाहत गेलं तर काठच्या शेतीला मिळतं, नळातून गेलं तर मिळत नाही, हा त्यांचा साधा मुद्दा. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ त्यांनी एक्स्प्रेस-वे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. म्हणजे या डोंगरपट्ट्यात पाणी आणि जमीन हा वाद निदान शंभर वर्षं जुना आहे. आणि आमच्या बाजूनेही काही सुखात चाललेलं नाही. २०१९ च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टँकरवरून रोज भांडणं होतात. त्या भांडणांतही पवनेचं नाव फक्त 'धरण किती टक्के भरलं' एवढ्यापुरतं येतं.

प्रत्येक कॅरव्हॅन-व्हिडिओत बऊरचा तो रस्ता असतोच. त्याच्यावर पार्श्वसंगीत असतं.

प्रत्येक सहलीच्या व्हिडिओत गोळीबाराचा उल्लेख हवा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर तोही एक ठरलेला भाग होईल, गिटारसारखा. पण साहित्यप्रकार म्हणून ज्याच्याकडे बघायचं त्याला विचारावंच लागतं: तू जे नाव देतोयस ते बरोबर आहे का? धरणाच्या पाणलोटाला 'अनाघ्रात निसर्ग' म्हणणं, शेतकऱ्याच्या उरलेल्या तुकड्याला 'सिक्रेट स्पॉट' म्हणणं, चालकाच्या कष्टांना 'फ्रीडम' म्हणणं, या वर्णनाच्या चुका आहेत. अर्थ चुकलेला शब्द कवितेत आपण खपवून घेत नाही. इथे का घ्यावा?

गंमत अशी, की या बाबतीत सरकारी कागद जास्त प्रामाणिक निघतो. राज्याने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरव्हॅनसोबत कॅरव्हॅन पार्कचा, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेचा विचार आहे, आणि तसा विचार करताना पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय हे विषय टाळता येत नाहीत. धोरण लिहिणाऱ्याला मान्य करावं लागतं की चाकांवरचं घर कुठेतरी टेकतं, कुणाच्यातरी जमिनीवर टेकतं, आणि त्याचं मैलापाणी कुठेतरी जावं लागतं. रुक्ष गद्यात का होईना, हे सत्य त्या कागदाच्या पोटात आहे. रसाळ प्रवासलेखात नाही.

चांगलं कॅरव्हॅन-लेखन कसं असेल याची मला थोडी कल्पना करता येते. ते गाडीच्या आत सुरू व्हायला हरकत नाही, टाकीपासूनच सुरू व्हावं. पहिलं पाणी कुठून भरलं, तिथे ते कुठून आलं, किती रुपयांत. सांडपाणी कुठे सोडलं, त्या उताराखाली कुणाचं शेत होतं. दादा रात्री कुठे झोपले आणि त्यांना कुठली जागा आवडते. समोरचं तळं कशासाठी अडवलं, कधी, त्याचं पाणी आत्ता कुठल्या दिशेने चाललंय. मग डोंगर, धुकं, शेकोटी, सगळं येऊ दे. इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भातही येऊ दे. तो वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलाय हे कळलं म्हणून त्याचा वास कमी होत नाही. माहितीने सौंदर्य मरतं ही समजूत आळशी लेखकांनी पसरवलेली असावी. वळवणच्या तळ्याकडे, हे पाणी उद्या डोंगराच्या पलीकडच्या बाजूने समुद्राला जाणार हे ठाऊक असताना बघितलं, तर ते मला आधीपेक्षा जास्त विलक्षण दिसतं.

ज्या पिढीने हा प्रकार घडवला ती माझीच आहे. आम्हाला गोष्टी उघडून आत बघायची सवय आहे, धंदाच तो आहे. कुठली विनंती कुठल्या सर्व्हरकडे जाते, डेटा कुठून येतो, कुठे साठतो, कुठे गळतो, हे आम्ही दिवसभर शोधतो. आणि शनिवारी डोंगरात गेल्यावर त्याच डोळ्यांनी समोरचं पाणी बघत नाही. टाकीचा काटा तेव्हाही हलत असतो. तो वाचायला वेगळी पदवी लागत नाही.